भारद्वाजाच्या पंखातलं भोक

नीरजाने नायलॉनच्या काळ्या, दंडगोल बोळ्यावर किल्ली घासली. पांढरट चरा उठला. मग तिने तीच किल्ली पोलादाच्या ठोकळ्यावर घासली. काहीच झालं नाही.

"आबा, तुम्ही चुकीचा निवडलाय," ती म्हणाली. "गाडीला वाचवायचं तर हा पोलादाचा पाहिजे. हा काळा तर किल्लीपुढेही हरतोय."

"हरतोय म्हणूनच निवडलाय," आबा म्हणाले.

"म्हणजे काय? अशक्त माणसाला पहारेकरी ठेवायचं?"

आबा किंचित हसले. ते नीरजाच्या आईचे वडील. कोल्हापुरातल्या एका ओतकाम कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी चौतीस वर्षं एकच काम केलं. वस्तू घासायच्या, आपटायच्या आणि त्या किती झिजल्या ते मोजायचं. आता २०५८ साली ते निवृत्त होते. घराच्या मागच्या शेडमध्ये त्यांची हत्यारं होती आणि बंड्या होता. बंड्या म्हणजे दोन हातांचा जुना यंत्रमानव. तो वाद घालतो म्हणून आजीने त्याला हे नाव दिलं होतं.

शेडच्या मधोमध आजीची मोटारसायकल उभी होती. विजेवर चालणारी, जड, आणि दोन्ही बाजूंनी फेअरिंग (वारा कापण्यासाठी गाडीला घातलेलं फायबरचं कवच) असलेली. डाव्या फेअरिंगवर आजीने स्वतःच्या हाताने भारद्वाज पक्षी रंगवला होता. काळं अंग, विटकरी पंख, लाल डोळा. आजी जाऊन अकरा महिने झाले होते. तेव्हापासून गाडीवरचं कापड कुणी काढलं नव्हतं.

आज रविवारी सकाळी ते निघालं होतं. उद्यापासून नीरजाची आई वैदेही गगनबावड्याकडच्या वाड्यांमध्ये पिण्याचं पाणी तपासायला जाणार होती. तिथल्या अरुंद वाटांवर चारचाकी जात नव्हती. आबांची अट एकच होती. दोन्ही बाजूंना स्लायडर (गाडी आडवी झाली की आधी जमिनीला टेकून सरकणारा बोळा) लावल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जाणार नाही.

"बंड्या, दोघांना डांबरावरून ओढ," आबा म्हणाले.

अंगणात जुन्या रस्त्याचा एक उखडलेला तुकडा ठेवलेला होता. बंड्याने पोलादी ठोकळ्यावर वजन ठेवलं आणि तो जोरात ओढला. ठोकळा वीतभर गेला, त्याची कड एका खाचेत अडकली आणि सगळं वजन उडून पलीकडे पडलं.

"आई गं!" नीरजा मागे सरली.

मग काळा नायलॉनचा बोळा. तोही त्याच खाचेवरून गेला, थोडा थरथरला, पण थांबला नाही. मागे काळी रेघ राहिली. नीरजाने तो उचलला. एक बाजू सपाट झाली होती, आणि गरम लागत होती.

"पळणाऱ्या गाडीत ऊर्जा (काम करण्याची क्षमता) असते," आबा म्हणाले. "गाडी पडली म्हणून ती नाहीशी होत नाही. ती कुठेतरी खर्च व्हावी लागते. पोलाद काही खर्च करत नाही. अडकलं तर सगळा धक्का सांगाड्याला देतं आणि गाडी उलटते. नायलॉन घर्षणात (दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासताना होणाऱ्या अडथळ्यात) हळूहळू झिजतं, तापतं. ऊर्जा तिथे संपते."

"म्हणजे त्याचं कामच झिजायचं?"

"हो. आणि झिजला की नवा लावायचा. गाडी नवी घेण्यापेक्षा सोपं."

आता खरं काम सुरू झालं. मोटर सांगाड्याला धरणारे दोन बोल्ट काढून त्या जागी लांब बोल्ट घालायचे आणि त्यांना स्लायडर लावायचे. बंड्याने दोन्ही बाजूंचं फेअरिंग सोडवून ठेवलं, मोटरखाली जॅक सरकवला आणि मध्ये लाकडाची फळी ठेवली.

"एका वेळी एकच बाजू," आबांनी बजावलं. "दोन्हीकडचे बोल्ट एकदम काढले तर मोटर खाली बसेल आणि भोकं जुळायची नाहीत."

पण डावीकडचा बोल्ट हलेना. अकरा महिन्यांत तो गंजून बसला होता. नीरजा पान्याला लोंबकळली तरी नाही.

"पाइप आण," आबा म्हणाले.

तिने हातभर लांबीचा पोकळ पाइप पान्याच्या दांड्यावर चढवला आणि टोकाला धरून खाली दाबलं. कर्रर्र! बोल्ट फिरला.

"मी केलं! माझ्यात एवढी ताकद कुठून आली?"

"ताकद तेवढीच आहे. अंतर वाढलं. बोल्टपासून दुप्पट लांब जोर लावलास की फिरवण्याचा परिणाम दुप्पट होतो."

बोल्ट निघाला. त्या जागी आबांनी नवा लांब बोल्ट घातला आणि पिशवीतून एक वाकडी लोखंडी पट्टी काढली. पट्टीचं एक टोक बोल्टवर, दुसरं फेअरिंगच्या खालच्या कडेबाहेर. स्लायडर त्या दुसऱ्या टोकाला बसणार होता.

"सरळ बोल्टवरच का नाही बसवत?" नीरजाने विचारलं.

"सरळ बसवायचा तर फेअरिंगला भोक पाडावं लागेल."

नीरजाने सोडवलेलं फेअरिंग जागेवर धरून पाहिलं. बोल्टच्या बरोबर समोर भारद्वाजाचा पंख होता.

"माझं थोडं म्हणणं आहे," बंड्या म्हणाला.

"तू गप्प बस."

"ते आजींनी मला शिकवलं नाही."

"मग आता शीक," आबा म्हणाले. ते इतकं तुटक होतं की बंड्याने खरंच कामावर धरलेला दिवा दुसरीकडे फिरवला.

आबांनी बोल्ट हाताने घट्ट केला. "टोक धरून ठेव," ते म्हणाले आणि मोठा पाना शोधायला वळले. नीरजाने पट्टीचं लांबचं टोक धरलं. हात अवघडला म्हणून तिने तो जरासा खाली केला. पट्टी फिरली, आणि तिच्याबरोबर आबांनी आवळलेला बोल्टही सहज सैल झाला.

ती पट्टीकडे बघत राहिली. मग जमिनीवर पडलेल्या पाइपकडे.

"आबा, ही पट्टी म्हणजे पाइपच आहे."

आबा थांबले.

"आपण पाइप लावला तेव्हा गंजलेला बोल्टसुद्धा फिरला. आई पडली तर रस्ता या टोकाला धक्का देईल. मग तोही बोल्टला असाच पिळेल ना? बोल्ट वाकेल, नाहीतर सांगाडा. आणि स्लायडर झिजायच्या आधीच गाडी अडकेल."

आबांनी चिंधीला हात पुसले. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मला सकाळपासून माहीत होतं. कारखान्यात कुणी अशी पट्टी आणली असती तर मी परत पाठवली असती."

"मग?"

"पंखावर करवत चालवायची नव्हती."

तेवढ्यात वैदेही चहा घेऊन आली. तिने पट्टी पाहिली, वडिलांचा चेहरा पाहिला आणि कप खाली ठेवले.

"बाबा, आईने हा पक्षी का काढला, आठवतं का?"

"आठवतं. फाटकाच्या उतारावर गाडी पाडली होती तिने. चरा झाकायला काढला."

"आणि तुम्ही दोन दिवस बोलत होतात तिला."

"चार दिवस," बंड्या म्हणाला. "माझ्याकडे नोंद आहे."

आबा खुदकन हसले, आणि चष्मा काढून पुसायला लागले. "गोल करवत दे रे बंड्या," ते म्हणाले.

नीरजाने पंखावर कागदी टेप चिकटवली, म्हणजे रंग उडणार नाही. आबांनी जागा तीनदा मोजली. करवत अगदी सावकाश फिरली. पांढरी भुकटी पडली आणि शेवटी रुपयाएवढी विटकरी चकती आबांच्या तळहातावर आली. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली.

फेअरिंग परत बसवलं, आणि स्लायडर भोकातून सरळ आत गेला. आबांनी नीरजाच्या हाती टॉर्क रेंच (ठरवलेल्या जोराला पोचला की आवाज करणारा पाना) दिला. "जास्त आवळायचं नाही. ऐकायचं."

टक्.

मग उजवी बाजू. तिथे चित्र नव्हतं, काम लवकर झालं.

दुपारी वैदेहीने हेल्मेट, हातमोजे घातले आणि गाडी हळूच बाहेर काढली. फाटकाच्या उतारावर ती थांबली, पाय टेकवला, आणि बारीक खडीवरून तिचा बूट सरकला. गाडी डावीकडे कलली. वैदेही बाजूला उडी मारून सुटली. धप्प असा आवाज झाला.

आबा पळतच गेले. "लागलं का तुला?"

"नाही बाबा. लाज तेवढी वाटली."

मग आबा गाडीजवळ बसले. गाडी स्लायडरवर टेकली होती. आबांनी जमीन आणि भारद्वाजाच्या मधल्या फटीत हात घातला. पूर्ण पंजा आत गेला.

"एकही चरा नाही," नीरजा खाली वाकून म्हणाली. "बोळ्यावर आहे फक्त. बदलू का? दहा मिनिटांत करते."

आबांनी स्लायडरवरून अंगठा फिरवला.

"नको. अजून पुष्कळ शिल्लक आहे त्याच्यात."

दुसऱ्या दिवशी वैदेही गगनबावड्याकडे निघाली. नीरजा शेडमध्ये कागद घेऊन बसली. तिने चार पायांचं एक यान काढलं, आणि प्रत्येक पायाखाली एक काळा बोळा.

"हे दुसऱ्या ग्रहावर उतरणार," ती बंड्याला म्हणाली. "धक्का पायांनी खायचा. आतली माणसं सुखरूप."

"बोळे सरळ पायाखाली आहेत ना? पट्टीवर नाहीत?"

"इतकी वेडी वाटले का मी?"

पलीकडे आबा गाडीवरच्या कापडाची घडी घालत होते. त्यांनी ती नीट चौकोनी केली, आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिली.