भाता नसलेला ऑर्गन

तुबलीच्या खाडीलगत उस्मानचं गाड्यांच्या सीटा शिवायचं वर्कशॉप आहे. तिथे एका जुन्या जीपशेजारी ऑर्गन पाठीमागून उघडा करून ठेवला होता. संगीत नाटकात रंगमंचाच्या पुढे ठेवतात तसा, पायाने भाता मारायचा. शिरीषकाकांनी तो पुण्याहून बहारीनला आणला होता. उन्हाळ्याची दमट, खारी हवा आणि सतत चालणारा एसी या दोन्हींच्या कात्रीत भात्याचं चामडं भेगाळलं होतं.

"जाड चामडं हाय माझ्याकडं, पण ते ह्याला चालायचं नाय," उस्मान म्हणाला. "मऊ मागवलंय मुंबईहून. शुक्रवारपर्यंत मात्र मफी, मिळायचं नाय."

फाटका भाता त्याने काढून टेबलावर ठेवला होता.

"भाता राहू दे तुझ्याकडे," हेमचंद्र म्हणाला. "पेटारा तेवढा नेतो."

"रिकामा पेटारा नेऊन काय करणार?"

हेमचंद्र पेटाऱ्याची मागची फळी बसवू लागला.

तो एसीच्या डक्टची कामं पाहणारा इंजिनियर. संध्याकाळी ऑर्गन वाजवायचा, तेही शिरीषकाकांनी शिकवलं म्हणून. इथल्या किती जणांच्या गळ्यात त्यांनी नाट्यपदं उतरवली होती. आता ते कायमचे पुण्याला परतणार होते, आणि शुक्रवारचा कार्यक्रम त्यांच्यासाठीच होता. काकांचा हट्ट एकच असे. कीबोर्ड चालणार नाही. ऑर्गन गाणाऱ्याबरोबर श्वास घेतो.

हेमचंद्रने झिंजमधल्या घरी कीबोर्डवर सगळी पदं वाजवून फोनमध्ये भरून ठेवली होती. पेटाऱ्यात एक स्पीकर बसवायचा. वर बोटं फिरवायची, खाली पाय हलवायचे.

गाणाऱ्या कश्मिराला सांगणं भाग होतं.

"दादा, काकांना कळलं तर?"

"त्यांना ऑर्गन ऐकू येईल. तेवढं पुरे."

हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

ईसा टाउनच्या शाळेचं सभागृह पाच वाजताच भरलं. काका पहिल्या रांगेत, हेमचंद्रची बायको स्मिता हिच्या शेजारी बसले होते. पहिलं पद ठरल्यासारखं झालं. काका मान डोलवत होते. हेमचंद्रला त्यांच्याकडे बघवेना.

दुसऱ्या पदात कश्मिरा रंगली. तालमीत ठरलेली जागा सोडून तिने एक ओळ पुन्हा घेतली, आणि मग आणखी एकदा. रेकॉर्डिंग आता तिला सोडून पुढे निघून जाणार.

सूर पुढे गेला नाही. तिच्यासाठी थांबला. तिने तान घेतली, तेव्हा तो तिच्या मागोमाग गेला.

हेमचंद्रने फोनकडे पाहिलं. स्पीकरशी जोडणी तुटल्याची सूचना त्यावर दिसत होती.

मग त्याला पायांची जाणीव झाली. इतका वेळ पायाखालच्या फळ्या सैल, पोकळ वरखाली होत होत्या. आता त्या जड झाल्या होत्या. भरल्या भात्याचा दाब तळव्यांना लागत होता. आत हवा येत होती. आणि एकीकडे हवा आली की दुसरीकडची कमी होते, हे त्याला नोकरीत रोज दिसायचं.

त्याने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

काकांची मान डोलायची थांबली होती. तोंड उघडं होतं. हेमचंद्रचा पाय खाली गेला की त्यांची छाती आत ओढली जाई.

त्याने पाय थांबवले.

सूर ओसरू लागला. काकांनी मोठा श्वास घेतला आणि थेट त्याच्याकडे पाहिलं.

कश्मिरा गाता गाता चमकून वळली. सभागृहात कुजबुज उठली. मागच्या रांगांतल्या माना उंचावल्या. आता सगळ्यांना कळणार होतं.

पदाच्या दोनच ओळी राहिल्या होत्या.

त्याने फळी दाबली.

टाळ्या थांबेनात. कुणीतरी त्याच्या खांद्यावर शाल घातली. गर्दीतून स्मिता जवळ आली.

"काकांना एकदम धाप लागलीय. मी त्यांना डॉक्टरकडे नेते," ती म्हणाली. मग जाता जाता वळून, "आज काय वाजवलंस रे!"

त्याने शाल अंगावरच राहू दिली.

शनिवारी सकाळी तो काकांच्या घरी गेला. फुप्फुसं ठीक आहेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आवाज मात्र गेला होता. काका उशांना टेकून बसले होते. हेमचंद्र समोरच्या खुर्चीत अवघडून बसला.

"काका, पेटाऱ्यात भाता नव्हता. स्पीकर होता. मी तुम्हाला फसवलं."

काकांनी हात हलवला. ते काही मोठं नाही, अशासारखा.

"मध्ये थांबलास तू," ते म्हणाले. शब्दांत नुसती हवा होती. "मला वाटलं, तुला दिसलं."

हेमचंद्रच्या कानशिलांना ऊन लागल्यासारखं झालं.

"दिसलं होतं," तो म्हणाला.

काका त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने काकांची छाती भराभर हलू लागली. कुणाला तरी बोलवावं म्हणून तो उठू लागला, तसं काकांनी त्याचं मनगट पकडलं आणि बोटाने खाली दाखवलं.

"पाय," ते म्हणाले.

हेमचंद्रने खाली पाहिलं. गालिच्यावर त्याचे दोन्ही पाय संथपणे, आळीपाळीने दाबले जात होते.

त्याने गुडघे हातांनी घट्ट धरून ठेवले. पाय थांबले.

भरल्या भात्याचा दाब तळव्यांना लागतच होता.