चौथ्या खांबाचा आलेख

सकाळी अकरा वाजता साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि एक छापील कागद तिच्यापुढे सरकवला.

"चार वाजेपर्यंत यावर सही हवी."

कागदावर दोनच ओळी होत्या. जुन्या पुलाच्या पाहणी अहवालाचं वेब पान बनवताना माझ्या हातून आलेख बिघडला. पूल वाहतुकीस सुरक्षित आहे.

खात्यात येणारे अहवाल वेबसाइटवर चढवणं हे तिचं काम. मजकूर, आलेख, चित्रं असं सगळं असलेली फाइल घ्यायची आणि तिचं वेब पान करायचं. ऑफिस तिला वेबवाली म्हणे. काल संध्याकाळी तिने पुलाचा अहवाल चढवला होता, आणि आज सकाळी एका नागरिकाचा फोन आला. छापील अहवालाच्या आलेखात सातही खांब धोक्याच्या लाल रेषेखाली, म्हणजे सुरक्षित आहेत, मग वेबसाइटवर चौथा खांब रेषेच्या वर कसा?

"मी आलेखाला हात लावला नाही," ती म्हणाली.

साहेबांचा कागदावर गाढ विश्वास. ते ईमेलसुद्धा छापून आणायला सांगत. एक चूक, एक सही, विषय संपला, असं ते समजुतीने म्हणाले. सही नसेल तर महिनाअखेरीस संपणारं तिचं कंत्राट संपलंच समजायचं.

ती बाहेर आली. नोकरीची धास्ती होतीच. पण तिचा नवरा बस चालवायचा, आणि त्याची बस दिवसातून आठ वेळा त्याच पुलावरून जायची. सही केली तर पूल चालू राहणार. आणि वेबसाइटवरचा आलेखच खरा निघाला तर?

तिने आधी ड्राफ्ट्समनला गाठलं.

"आलेख तुम्ही काढलात?"

"मी फक्त पुलाचं चित्र काढतो. आलेख मोजणीच्या यंत्रातून तयार चित्र म्हणूनच निघतो. मोजणीदार तो काकूंना पाठवतो, काकू अहवालात चिकटवतात."

"फाइल तुमच्याकडे आली होती?"

"परवा. माझं चित्र टाकलं आणि काकूंना परत दिली. आणि माझ्या चित्रातला एक बाणही हललेला नसणार, बघून घ्या. गेल्या वर्षी तुम्ही माझी हजेरी घेतलीत, तेव्हापासून सगळे तुकडे एकत्र बांधूनच देतो."

ते खरं होतं. कागदावर एकावर एक ठेवलेले सुटे आकार वेब पानावर आपापल्या वाटेने जातात. गेल्या वर्षी त्याचे बाण असेच पानभर उधळले होते.

मोजणीदार दूरच्या कामावर होता. त्याचा फोन लागेना.

मग ती काकूंकडे गेली. ऑफिसात टायपिस्ट म्हणून अठ्ठावीस वर्षं काढलेल्या काकूंनीच तिला इथे चिकटवलं होतं. त्या खिडकीपाशी बसत. तिथून पूल दिसायचा. आज त्यांचं लक्ष सारखं बाहेर जात होतं. पडद्यावर कुणाचा तरी रजेचा अर्ज होता, स्कॅन केलेला. त्यातल्या चुकीच्या तारखेवर काकूंनी एक पांढरा चौकोन ठेवला आणि त्यावर नवी तारीख टाइप केली.

"सही करून टाक गं," त्या म्हणाल्या. "कागदावर सगळं बरोबर आहे ना? मग झालं तर."

"पण आलेख बदलला कसा, काकू?"

"मशीनचं काय सांगावं, बाई."

ती जागेवर परतली. कुठेतरी पाणी मुरत होतं. वेब पान बनताना फाइलमधलं प्रत्येक चित्र वेगळं होऊन एका फोल्डरमध्ये पडतं. तिने तो उघडला. पुलाचं चित्र होतं, आलेख होता, आणि आणखी दोन तुकडे होते. एक कोरा पांढरा, एक बुटकी निळी पट्टी. असे कोरे पांढरे तुकडे तिला नवे नव्हते. कितीतरी वर्षं ती ते मशीनचा कचरा समजून फेकून देत आली होती. ते कुठून येत, हे तिने कधी बघितलंच नव्हतं. आज तिने जुन्या फाइली एकेक करून उघडल्या.

साडेतीनला ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली. ड्राफ्ट्समन आणि काकूंनाही तिने बोलावून घेतलं होतं.

"ही फाइल काल काकूंच्या ईमेलमधून आली, तशीच उघडतेय," ती म्हणाली. पडद्यावर सात बुटके खांब होते. तिने चौथ्या खांबाची निळी पट्टी माउसने बाजूला ओढली. खाली नुसतं पांढरं. मग तो पांढरा चौकोनही ओढला. खालून लाल रेषा ओलांडून गेलेला खांब वर आला.

साहेब खुर्चीतून अर्धे उठले. "हे कोणी केलं?"

"मोजणीदाराकडे मूळ आकडे आहेत. त्याला काही लपवायचं असतं तर त्याने आकडेच बदलले असते, झाकाझाक कशाला? यांनी, ड्राफ्ट्समननी केलं असतं तर तुकडे बांधले असते, वेब पानावर ते सुटलेच नसते. हे केलं ते फक्त कागदाचा विचार करणाऱ्या माणसाने."

"म्हणजे मी?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला फाइल उघडता येत नाही, साहेब." ड्राफ्ट्समनला हसू आवरेना. ती मात्र हसली नाही. "जुन्या अर्जांत, पत्रांत असेच पांढरे चौकोन सापडले. चुकलेल्या तारखेवर, चुकलेल्या नावावर. सगळे एकाच टेबलावरचे. कागदावर ते कुणाला दिसत नाहीत, म्हणून ते आहेत हे करणाराही विसरतो. पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, काकू."

काकूंनी नाकारलं नाही. त्या खुर्चीवर बसल्या.

"ह्यांचं डायलिसिस पलीकडच्या हॉस्पिटलात असतं," त्या म्हणाल्या. "आठवड्यातून तीनदा. पूल बंद झाला तर नेऊ कशी? नवा पूल सहा महिन्यांत होतोय. तेवढे दिवस निघतील असं वाटलं."

"माझा नवरा रोज आठ वेळा त्या पुलावरून जातो, काकू."

"ठाऊक आहे. परवापासून प्रत्येक फेरी मोजतेय. बस पलीकडे पोचेपर्यंत श्वास घेत नव्हते गं."

तिला संताप आला होता, आणि रडूही. तिने सहीचा कागद उचलून फाडला. साहेबांनी वाहतूक पोलिसांना फोन लावला आणि पूल तत्काळ बंद करायला सांगितला. लेखी आदेश दहा मिनिटांत पाठवतो, म्हणाले.

आदेशाचा मसुदा लिहिणं खात्यात एकाच व्यक्तीला जमत होतं. काकू कुणी न सांगता उठल्या, आपल्या टेबलावर गेल्या आणि टाइप करू लागल्या. वेबवाली त्यांच्या पाठीशी उभी राहिली. आदेशात पर्यायी मार्ग द्यावा लागतो. ड्राफ्ट्समन नकाशा आणायला धावला, पण काकू थांबल्या नाहीत. कुठला नाका, कुठलं वळण, कुठली चढण, हॉस्पिटलच्या दारापर्यंत एकूण वेळ अडीच तास, त्यांना सगळं तोंडपाठ होतं.