रबराची बंदूक

खंडेनवमीच्या सकाळी ज्ञानू हवालदार माळावर गेले ते एक बंदूक मागून आणायला.

काम साधं होतं. दहिवडीच्या अलीकडच्या माळावर लढाईच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. माणच्या माळाला वाळवंट व्हायला फारसे कष्ट पडत नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या तो तीच तालीम करतोय. गावची पोरं जवान झाली होती आणि म्हातारा फौजी म्हणून ज्ञानूंना हत्यारांच्या तंबूची राखण मिळाली होती.

"न्या की मामा," तंबूचा कारभारी उदयसिंह म्हणाला. तो कऱ्हाडचा. "पर रबर हाय बरं." त्यानं बंदूक गुडघ्यावर ठेवून वाकवून दाखवली. "नळीला भोक बी न्हाई. फुडं नुस्ता काळा ठिपका मारलाय."

"वयनीला सांगू नगंस म्हंजे झालं."

"मी कशाला सांगतोय? फकस्त दुपारच्या सीनला परत आना. न्हाईतर एका जवानाला काठी घिऊन लढावं लागंल."

वयनी म्हणजे हरणाबाई, ज्ञानूंची थोरली भावजय. तिचा नवरा कोंडीबा एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या वाळवंटात गेला तो गेलाच. वरून शब्द आला, बेपत्ता. मेला असंही नाही, जिवंत आहे असंही नाही. अशा माणसाच्या बायकोनं कपाळाचं काय करायचं, हे मात्र कुठल्याच साहेबानं सांगितलं नाही. मग तिनं आपल्या मनानं ठरवलं आणि कुंकू ठेवलं. सत्तरी उलटली तरी ठेवलं. दर खंडेनवमीला ती कोंडीबाच्या लोखंडी ट्रंकेला हळदकुंकू वाहायची. फौजीच्या घरात पूजायला हत्यार नाही, याची तिला लाज वाटे.

ज्ञानूंनी बंदूक आणली तेव्हा तिनं ट्रंकेवर काळं घोंगडं अंथरलं, बंदूक आडवी ठेवली, दस्त्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. पूजा करताना ती हलक्या आवाजात काहीतरी बोलत होती. देवाशी नव्हे.

"भावजी, आता हिला हलवायचं न्हाई हं," ती म्हणाली. "उद्या शीव वलांडूस्तवर न्हाई."

नेम गावात सगळ्यांनाच ठाऊक. पूजलेलं हत्यार दसऱ्याचं सीमोल्लंघन होईपर्यंत जागचं हलवत नाहीत. ज्ञानूंनी मान डोलावली. रबराला कसला आलाय नेम, असं त्यांच्या मनात आलं.

दुपारी हरणाबाईचा डोळा लागला. ज्ञानूंनी माळ हळूच बाजूला केली आणि बंदूक उचलली. सकाळपेक्षा जड लागली. वय झालं, म्हणत ते बाहेर पडले.

माळ तापला होता. मेंढरं एकमेकांच्या सावलीत माना खुपसून उभी होती. वारा नव्हता, पाखरू नव्हतं. लांबच्या टेकड्या पाण्यावर तरंगाव्यात तशा हलत होत्या. हातातली बंदूक ऊन झाली होती, आणि जळलेल्या दारूचा वास येत होता. ज्ञानूंनी तो वास आयुष्यभर घेतला होता. रबराला तो नसतो.

तंबूत कुणी नव्हतं. त्यांनी बंदूक घडवंचीला टेकवून ठेवली आणि बाभळीखाली येऊन बसले.

भोंगा वाजला. धुराचे लोट उठले. पोरं ओरडत धावली, ठरल्या जागी पडली. पोरांना मरण छान जमतंय, म्हणून भोंग्यावरून सिनेमाच्या साहेबानं शाबासकी दिली. या गावाला मरायला शिकवावं लागत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नसावं.

धुरातून एक जवान उशिरा आला. डावा खांदा खाली सोडून धावत होता. लहानपणापासून खांद्यावर कोकरं वाहणारा माणूस तसा धावतो. कोंडीबा तसा धावायचा. त्याच्या बंदुकीच्या दस्त्यावर कुंकू होतं.

ज्ञानू उठले.

जवान उंचवट्यावर थांबला, मागं वळून पाहिलं, गुडघ्यावर बसला आणि पलीकडं कलंडला. अगदी सावकाश. झोप लागावी तसा.

भोंगा पुन्हा वाजला. मेलेली पोरं हसत, कपडे झटकत उठली आणि सरबताच्या पिंपाकडं पळाली. उंचवट्यामागून कुणीच उठलं नाही. ज्ञानू धापा टाकत तिथं गेले. नुसता तांबडा मुरूम होता. पाऊलही उमटलेलं नव्हतं.

"भावजी..."

मागं हरणाबाई उभी होती. अनवाणी.

"बघितलंसा नव्हं?"

"व्हय वयनी..."

"एकलाच व्हता वो. पानी मागत व्हता..." ती उंचवट्याकडं बघत राहिली. मग पदराचं टोक घेतलं आणि कपाळ पुसलं. रडली नाही. "बरं झालं. कळलं तरी. लय वरसं कुनी सांगतच न्हवतं."

तंबूत उदयसिंह सरबत पीत होता.

"मी ठेवली ती बंदूक कुनाला दिलीस रं?" ज्ञानूंनी विचारलं.

"कुनाला न्हाई. ती घेणारं पोरगं आलंच न्हाई आज. ती काय, तुमी ठेवली तितंच हाय."

बंदूक घडवंचीला टेकलेली होती. ज्ञानूंनी ती दोन्ही हातांनी उचलली, कारण एका हातानं उचलेना. उदयसिंह हाक मारत राहिला. ते थांबले नाहीत. मोडलेला नेम जमेल तितका सांधावा, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

घरी त्यांनी बंदूक पुन्हा घोंगड्यावर ठेवली. हरणाबाईनं मोकळ्या कपाळानं माळ घातली आणि उशाशी ठेवावा तसा पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला.

दसऱ्याला शीव ओलांडून, आपट्याची पानं घेऊन ज्ञानू परतले तेव्हा घरात बारीक सळसळ चालू होती. तांब्या रिकामा होता. काळ्या घोंगड्यावर वाळूचा ढीग झाला होता. माणच्या मुरमासारखी तांबडी नव्हे, फिकट, पिठासारखी. भोक नसलेल्या त्या नळीच्या काळ्या ठिपक्यातून ती गळत होती.

हरणाबाई शेजारी बसली होती. पदर पसरून ती वाळू झेलत होती.

"गप ऱ्हावा भावजी," ती पुटपुटली. "येतायत... हळूहळू येतायत."