जिन्याखालचं मांजर

“मावशी, सिरियल किलर लहानपणीच ओळखता येतो का?”

बिल्डिंगमधला एक मुलगा पुढे खुनी होणार की नाही, यावर रुचिताची रसिका आणि अमृता या मैत्रिणींशी पैज लागली होती, म्हणून तिने विचारूनच टाकलं. समोर बसलेली जया मावशी कल्याणमध्ये खासगी डिटेक्टिव्ह होती.

“कोणाबद्दल विचारतेयस?”

“आमच्या बिल्डिंगमधला देवेश. त्याचे बाबा खुनांसाठी जेलमध्ये आहेत, एक नाही, तीन! आणि या आठवड्यात जिन्यातली मांजरं एकेक करून मरतायत. असे लोक मांजरांपासूनच सुरुवात करतात ना? आज सोसायटीची मीटिंग आहे. त्याला आणि त्याच्या आईला घर सोडायला सांगणारेत.”

मावशीने चपला घातल्या. “चल, दिव्याला तुमच्या बिल्डिंगमध्ये जाऊ.”

शेवटचं मांजर जिन्याखाली तसंच पडलं होतं. मावशीने वाकून बघितलं. त्याच्या तोंडात तुळशीचं पान होतं.

“जवळ वाटी, दूध, मासळी काही सापडलं?”

“काहीच नाही.”

चेअरमन सीतारामकाका तावातावाने आले. “मॅडम, रक्तातच आहे त्याच्या! माझ्या घरात लहान नात आहे.”

“तुमच्याकडे तुळस आहे?”

“मनीप्लांट आहे. का?”

मावशी उत्तर न देता देवेशकडे गेली. घरात बुद्धाची छोटी मूर्ती, खिडकी मोकळी.

“मी नाही मारलं,” देवेश खाली बघत म्हणाला. “बाबा पट्ट्याने मारायचे ना, तेव्हा मी त्या मांजरांजवळच जाऊन बसायचो.”

रुचिताला पैज आठवली आणि तोंड लपवावंसं वाटलं.

शेजारी हौसाबाई. खिडकीत तुळस, दारात पाण्याचे ड्रम.

“टँकरचं पाणी गं बाय, आणि मेले उंदीर नळी कुरतडायचे! आता आठ दिवस एक नाय दिसला.”

संध्याकाळी गच्चीवर सगळे जमले. देवेश आणि त्याची आई सोडून.

“मांजरं मेली तर उंदीर वाढायला हवेत,” मावशी म्हणाली. “इथे आधी उंदीर गेले, मग मांजरं. विष उंदरांना घातलं होतं. ते उंदीर मांजरांनी खाल्ले, म्हणून वाटी सापडली नाही. आणि मजेसाठी मारणारा मेलेल्याच्या तोंडात तुळस ठेवत नाही. पापाला भिणारा ठेवतो. देवेशच्या घरात तुळसही नाही आणि ती रीतही नाही. हौसाबाई?”

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. “मुद्दाम नाय केलं गं. मांजर मारल्याचं पाप! सांगायची छाती झाली नाय.”

“आणि पोराच्या नावावर जाऊ दिलंत.”

“तरीपण,” सीतारामकाका पुटपुटले, “बाप तसला...”

“काका, अशा खुन्यांच्या लहानपणात पुष्कळदा मार असतो, अपमान असतो. पण मार खाल्लेली बहुतेक मुलं कुणाच्या अंगाला हात लावत नाहीत. याने मार खाल्लाच आहे. वर सगळ्यांनी मिळून त्याला हाकलून अपमान करायचं काम आता तुम्ही करताय.”

तरीही ‘राहू दे त्यांना’ असं कोणी म्हणेना. रुचिताचे बाबासुद्धा मोबाईलमध्ये बघत राहिले.

रुचिता उठली.

“आई, बाबा, देवेश आणि त्याची आई आज आपल्याकडे जेवणार. मी बोलवायला चाललेय.”