मागची उजवी सीट

डायलिसिसहून परतताना लेकीनं गाडी पुन्हा शोरूमच्या वर्कशॉपकडे वळवली. गाडी नवी कोरी, तक्रार एकच, पण भलती चिवट. सीटवर माणूस असून पट्टा लावला नाही की जी घंटा वाजते, ती मागच्या उजव्या सीटसाठी वाजायची. तिथे बसलेलं कोणी नसायचं. आई नेहमी डावीकडे, पट्टा लावून. तरी समोरच्या पडद्यावर उजव्या सीटचं चित्र लाल व्हायचं आणि टिंग टिंग सुरू. आता बोला!

त्यांनी आधी सेन्सर बदलला, मग वायरिंग, मग अख्खी सीट. दर वेळी गोड बोलून वाटेला लावलं. तक्रार त्यांच्या डोळ्यांसमोर दिसली तरच गाडी परत घेणार, असा नियम होता. आणि गाडी वर्कशॉपच्या अंगणात जरा उभी राहिली की घंटा आपोआप बंद पडायची. तिथला टायवाला मग असा बघायचा, जणू बिघाड गाडीत नसून हिच्या डोक्यात आहे. लेक रडकुंडीला आली होती. चाकाच्या खुर्चीतल्या आईला न्यायला दुसरं साधन नव्हतं. शिवाय आई हल्ली दाराला चिकटून, अंग चोरून बसायची. विचारलं तर म्हणायची, जागा पुरत नाही गं.

आजही टायवाल्यानं हात झटकले आणि तो आत निघून गेला. तेव्हा म्हातारा मिस्त्री फडक्याला हात पुसत तिच्या खिडकीशी वाकला.

"ताई, आमच्याकडे नाही वाजायची ती," तो हळूच म्हणाला. "आमच्याकडे तो… उतरतो."

"कोण?"

"ते नका विचारू. मागचं दार वाजलं की मान वर करायची नाही, एवढं आम्ही सगळे पाळतो. तुम्ही निघताना तो परत बसतो. आज दार वाजलं की तशाच निघा. मागे बघू नका…"

असल्या गोष्टींवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. पण सगळे उपाय थकले होते. किल्लीवर हात ठेवून ती समोर बघत बसली. अंगणात ऑइलचा आणि तापलेल्या रबराचा वास कोंदला होता. मागे आई डावीकडे बसून होती. मग दार उघडल्याचा आवाज आला, मानेवर गार वारा लागला. माणूस उतरल्यावर हलते तशी गाडी किंचित हलली. दार धप्पकन लागलं, आणि लेकीनं गाडी चालू करून दामटली.

मोठा रस्ता आला तरी घंटा नाही. आई, सुटलो गं एकदाचे, असं काहीतरी ती बोलत राहिली. मग तिच्या लक्षात आलं, वर्कशॉपमध्ये आईला मोकळं वाटावं म्हणून तिनंच पट्टा काढला होता. तो लावायचा राहिलाच. म्हणजे आता आईसाठी घंटा वाजायला हवी होती. तिनं पडद्याकडे पाहिलं. मागच्या दोन्ही सीट रिकाम्या दिसत होत्या.

आरशात आई दिसत होती. अंग चोरून नव्हे, ऐसपैस बसली होती.

"आई… पट्टा लाव ना."

"कशाला?" आई म्हणाली. "आता वाजत नाही ना."

आवाज आईचाच होता. तिकडे अंगणात तो उतरला की आई, ते कोणीही मान वर करून पाहिलं नसणार. लेक गाडी चालवत राहिली. थांबून काय करायचं, ते तिला सुचत नव्हतं.