गाऱ्हाण्यातलं नाव

कोकमला विमानाने न्यायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी ठणकावून सांगितलं. "सामानाबरोबर पाठवाल तर याचं हृदय टिकायचं नाही." आमचा बोका म्हातारा झाला होता. गंधारला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दुबईत नोकरी लागलेली; बहरीनमधला सनाबिसचा फ्लॅट सोडायचा होता. मग उरला एकच मार्ग. कॉजवेच्या लांबलचक पुलावरून समुद्र ओलांडायचा, सौदीत शिरायचं आणि दिवसभर वाळवंटातून गाडी हाकत दुबई गाठायची. तेही ऐन जानेवारीत. माझी आई पुण्याहून म्हणाली, "कश्मिरा, एका बोक्यासाठी एवढा द्राविडी प्राणायाम?" म्हटलं, हो, एका बोक्यासाठी. मूलबाळ नसलेल्या घरात बोका काय असतो, ते फोनवर समजावत बसायची माझी तयारी नव्हती. तो जिवंत पलीकडे पोचला पाहिजे, बास.

मी ऑडिटर आहे. दोन अधिक दोन पाच म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. त्यामुळे घडलं ते घडलं तसं सांगते. अर्थ मला अजून लागलेला नाही.

कोकम आणि त्याची बहीण लवंग आम्हाला सलमाबादच्या एका गोदामामागे सापडली होती, एकाच खोक्यात. दोघंही तांबूस. लवंगेच्या शेपटीचं टोक तेवढं काळं कुळकुळीत, म्हणून ते नाव. ती दिवसभर बडबडायची आणि कोकम मुका. तोंड उघडायचा, पण आवाज शून्य. काही हवं असलं की दारावर नखं घासायचा. दिवाळीच्या सुमारास लवंग गेली. गंधारने ओळखीच्या एकांच्या बागेत खजुराखाली तिला पुरलं आणि दोन दिवस जेवला नाही. ती त्याची फार लाडकी होती.

प्रवासाआधी मांजराचा जाळीदार कॅरियर हॉलमध्ये उघडा ठेवा, आत घरचा टॉवेल घाला, म्हणजे त्याला सवय होईल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं. कोकम काही आत जाईना. कॅरियरच्या तोंडाशी बसून आत बघत राहायचा. दवाखान्यात आपला नंबर लागायची वाट बघत माणसं बसतात ना, तसा. मी म्हटलं, जुना टॉवेल आहे, लवंगेचा वास येत असेल. टॉवेल बदलला. तरी तेच.

एक दिवस त्या नव्या टॉवेलवर मधोमध गोल खळगा पडलेला दिसला. मला हायसं वाटलं. "बघ, बसायला लागला की नाही तुझा लाटसाहेब?"

गंधार म्हणाला, "तो सकाळपासून माझ्या मांडीवर आहे."

"मग तूच बसला असशील आत," मी म्हटलं.

निघायच्या दिवशी सकाळी बाहेर धुकं होतं आणि वारा बोचत होता. सामान आधीच गेलेलं. रिकाम्या हॉलमध्ये बोलणं घुमत होतं. आमच्याकडे, म्हणजे सासरी मालवणात, लांबच्या प्रवासाआधी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव घेऊन राखणदाराच्या हवाली करायचं. सासूबाई, गोदाबाई, फोनच्या स्पीकरवर हजर होत्या. समोरच्या फ्लॅटमधल्या शरीफुन्निसा भाभीही आल्या होत्या. त्या रत्नागिरीच्या. घरमालक येईपर्यंत चावी त्यांच्याकडे राहणार होती.

गंधारने हात जोडले. "बा देवा म्हाराजा! आज ही लेकरां दर्याच्या पल्याड जातत. गंधार, कश्मिरा आनि लवंग, हेंका सुखरूप पोचय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी सवयीने ओरडले आणि त्याने नारळ फोडला.

मग आम्ही एकमेकांकडे बघितलं.

फोनवरून सासूबाई म्हणाल्या, "अरे, तिचा नाव कित्याक घेतलंस? आनि बोक्याचा रवला मा! दुसरो नारळ आण. परत गाऱ्हाणा घाल, मगे निघा."

गंधारने गाडीची चावी उचलली. "बाब अल बहरीनच्या बाजारात जाऊन आणतो. पटकन येतो."

"अरे देवा! वीकेंडची गर्दी आहे कॉजवेवर. तिथे अडकलो तर त्या जिवाचे हाल होतील," मी म्हटलं. "देवाला काय कळत नाही का, कुठलं मांजर न्यायचंय ते? यल्ला, चल!"

गडबडीत कोकम दिसेना. नारळाच्या आवाजाने तो बाथरूमकडे पळालेला मी पाहिला होता. त्याला शोधायला वळले, तर साहेब कॅरियरमध्ये. पाठ करून, मुटकुळं करून शांत बसलेले. "शहाणा गं माझा बाळ!" म्हणत मी कडी लावली. सगळी दारं ओढून घेतली, चावी भाभींच्या हातात ठेवली.

कॉजवेवर दोन्ही बाजूंना समुद्र नव्हताच. नुसतं राखाडी धुकं. हीटर चालू होता तरी मागून गार लागत होतं. सरहद्दीचा नाका असलेल्या मधल्या बेटाच्या अलीकडे मागच्या सीटवरून आवाज आला.

"म्याव."

गंधारने आरशात बघितलं. मी म्हटलं, "घाबरलाय. घाबरल्यावर मुकं जनावरही ओरडतं." माझंच बोलणं मला खोटं वाटलं.

नाक्यावरच्या माणसाने कॅरियर उचलून टेबलावर ठेवला, जाळीतून यंत्र आत घातलं आणि मांजराच्या मानेवरून फिरवलं. टिक्क वाजलं. पडद्यावर आलेला मानेतल्या चिपचा नंबर कोकमच्या कागदाशी जुळला.

"कोकम?" त्याने हसून विचारलं.

"कोकम," मी म्हटलं.

"खलास. यल्ला," म्हणत त्याने शिक्का मारला.

मला रडूच फुटलं. सुटलो! पलीकडे पोचला माझा बाळ! गंधारने पुढे जाऊन गाडी कडेला घेतली. मी मागे बसले आणि त्याला थोपटायला जाळीतून बोटं घातली.

अंग गार होतं. गाडीत हीटर चालू असूनही फरशीसारखं गार.

ते उठलं, वळलं आणि माझी बोटं चाटायला लागलं. शेपटी जाळीबाहेर आली.

टोक काळं होतं.

"गंधार," मी म्हटलं. तो मागे वळला नाही. स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाला, "मला माहितीय. बेटाच्या आधीपासून माहितीय. ती अशीच हाक मारायची मला."

तेवढ्यात फोन वाजला. शरीफुन्निसा भाभी.

"अगो कश्मिरा, बोक्याला विसरलात की काय? तुमच्या बाथरूमच्या दाराला आतून कोणीतरी नखं मारतंय. झरोक्यातून बाहेर माझ्यापर्यंत ऐकू येतंय."

"भाभी, दार उघडा. आधी दार उघडा!"

चावीचा आवाज. रिकाम्या हॉलमधली त्यांची पावलं. कडी.

"उघडलं गो. आत तर कोणी नाही."

"नीट बघा. वॉशिंग मशीनच्या मागे बघा."

"काही नाही. नुसती फरशी." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण नखं अजून वाजतायत. हे दार माझ्या हातात आहे, आणि वाजतंय."

मलाही ऐकू येत होतं. खर्र. खर्र. खर्र.

"परत फिरव गाडी," मी ओरडले. "गंधार, फिरव ना रे!"

"ती कुठे जाईल मग?" तो म्हणाला.

कॅरियरमधून म्याव आलं. फोनमधली नखं थांबली.

भाभी अगदी हळू म्हणाल्या, "अगो, माझ्या पावलांवर काहीतरी येऊन बसलंय. दिसत नाही. पण चांगलं ऊबदार आहे."