शेजाऱ्यांची साक्ष

गोदामाच्या वरच्या मजल्याला वाळवी लागली होती आणि दुपारी तिथे विषारी धूर सोडायचा होता. त्याआधी मजला रिकामा असल्याची खात्री करणं हे तिचं काम. छताला शेकडो सेन्सर होते, माणसाच्या श्वासाने हवेत पडणारा फरक मोजणारे. प्रत्येकाला प्रश्न एकच: तुझ्याजवळ कोणी आहे का? इतक्यांना विचारलं की दोनचार उगाच ‘आहे’ म्हणतातच. म्हणून तिने शेजारशेजारचे सेन्सर हिशेबात जाळ्यासारखे जोडले होते. एकटाच ओरडला तर विश्वास ठेवायचा नाही; शेजारीही कुजबुजले, तरच खरं.

आज एकही ओरडत नव्हता. पण खिडकीकडच्या कोपऱ्यातले सगळे कुजबुजत होते.

“वहिनी, मी स्वतः फिरून आलोय,” दीर म्हणाला. गोदामाची देखभाल त्याच्याकडे होती. “तिथे चिटपाखरू नाही. कामगार खोळंबलेत.”

“आणि आत कोणी असलं तर, भाऊजी? जन्मभर झोप लागेल आपल्याला?”

त्याला स्क्रीनसमोर बसवून, फोन कानाला लावून ती वर गेली. रिकाम्या मांडण्या, पोखरलेल्या चौकटी, लाकडाच्या भुशाचा वास. कोपऱ्यातली खिडकी घट्ट बंद. जमिनीवरच्या धुळीत फक्त दिराच्या बुटांचे ठसे.

ती कोपऱ्यात उभी राहिली. “आता मी दिसत असेन.”

“दिसताय.” तो घुटमळला. “वहिनी, दोघांइतकं दाखवतंय.”

हवा कोंदट होती, बंद खोलीत कोणी नुकतंच झोपून उठावं तशी.

तिला स्वतःचंच हसू आलं, तरी तिने फोन खाली धरला. “इथे धूर सोडणार आहेत,” ती हळूच म्हणाली. “थांबू नका. चला बाहेर.”

मग ती जिन्याकडे वळली.

ती खाली आली तेव्हा दीर खुशीत होता. “तुम्ही निघालात आणि कोपरा गप्प झाला बघा. सेन्सरच बिघडले असतील.”

तिने आकडे पुन्हा तपासले. मजला रिकामा होता. तिने होकार दिला आणि धूर सुटला.

संध्याकाळी ती गाडीत बसली. बाहेर गारठा होता, म्हणून काचा वर केल्या. सगळं सुखरूप पार पडलं होतं. तिने मोठा सुस्कारा सोडला. समोरची काच धुरकटली, ती हाताने पुसली.

शेजारच्या रिकाम्या सीटसमोरही काच धुरकटली होती.

तो डाग हळूहळू आक्रसला.

मग पुन्हा पसरला.